पीएचपी पृष्ठांतील प्रवेश, सेशन आणि रीडायरेक्ट : दोषनिदानाची एक पद्धती

१. विषयप्रवेश

वेबपृष्ठावरील प्रवेशाची चौकट हा आजच्या विद्यापीठीय व्यवहाराचा उंबरठा झाला आहे. परीक्षेचा अर्ज, शुल्काचा भरणा, गुणपत्रक, ग्रंथालयातील नोंद, यांपैकी कोणत्याही कामास प्रथम नाव आणि पासवर्ड देऊन हा उंबरठा ओलांडावा लागतो. या ठिकाणी एक विलक्षण दोष वारंवार आढळतो. वापरकर्ता अचूक पासवर्ड देतो, क्षणभर पडदा हलतो आणि पुन्हा तेच प्रवेशाचे पृष्ठ समोर येते. चुकीचा संदेश नाही, नकार नाही, कारणही नाही. तो पुन्हा प्रयत्न करतो. मग पासवर्ड बदलून घेतो. बदललेल्या पासवर्डानेही तेच घडते. दोष यंत्रणेचा असतो, परंतु तो आपल्याच हातून घडला असे मानणारा मात्र समोर बसलेला मनुष्य असतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी या गैरसमजाची किंमत एका वर्षाइतकी होऊ शकते.

असा दोष शोधावयास बसलेला अभ्यासक बहुधा पासवर्डाच्या पडताळणीपासून आरंभ करतो. ही दिशा स्वाभाविक असली तरी सामान्यतः चुकीची ठरते. पडताळणी फसली असती तर 'नाव अथवा पासवर्ड चुकीचा आहे' हा संदेश उमटला असता. तो उमटत नाही, याचा अर्थ पृष्ठाने वापरकर्त्यास ओळखले; आणि त्यानंतर, एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे जाताना, ती ओळख वाटेत कोठेतरी हरवली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या वर्गातील बहुतेक दोष पृष्ठांच्या आत नसून दोन पृष्ठांमधील वाटेवर असतात. ती वाट चार टप्प्यांची आहे. आणि ओळख कोणत्या टप्प्यावर हरवली हे अनुमानाने नव्हे, तर पुराव्याने ठरविता येते. त्याचबरोबर, ज्या दोषांविषयी तक्रार येते तेच सर्वांत गंभीर असतात असे नाही, हेही अखेरीस दाखवावयाचे आहे.

२. स्मरणशून्य व्यवहार

वेबवरील सर्व देवघेव एचटीटीपी या नियमावलीनुसार चालते. तिचे मूळ तत्त्व असे की, ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि व्यवहार तेथेच संपतो. पुढची मागणी त्याच मनुष्याकडून आली आहे, हे सर्व्हरला या नियमावलीतून कळत नाही. केवळ कागदपत्रे वाचावयास देण्याच्या हेतूने घडविलेल्या व्यवस्थेस ही स्मरणशून्यता दोष नसून सोय होती. कारण ज्याला काही लक्षात ठेवावयाचे नाही, त्याला असंख्य वाचकांची सेवा करता येते. तथापि वेबवर खरेदी-विक्री होऊ लागताच, ग्राहकाने निवडलेल्या वस्तू पुढच्या पृष्ठापर्यंत स्मरणात ठेवण्याची गरज उत्पन्न झाली. या गरजेवर लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत कुकीची योजना केली. तिचे पहिले प्रमाणपत्रक १९९७ मध्ये आणि प्रत्यक्ष व्यवहाराशी मेळ घालणारे सुधारित प्रमाणपत्रक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयाच्या दाराशी पिशवी ठेवून पितळी बिल्ला घेणाऱ्या विद्यार्थ्यास कुकीचे तत्त्व वेगळे सांगावयास नको. बिल्ल्यावर केवळ एक क्रमांक असतो. त्यात पिशवी नसते, विद्यार्थ्याचे नावही नसते. पिशवी खणात असते आणि खण ग्रंथालयाच्या ताब्यात असतो. बिल्ला दाखविणारा मनुष्य कोण, याची विचारणा होत नाही. क्रमांकाचा खण उघडून पिशवी दिली जाते. या दृष्टान्तात बिल्ला म्हणजे कुकी आणि खण म्हणजे सेशन होय. पुढील विवेचनात हा दृष्टान्त अनेकदा उपयोगी पडेल. किंबहुना सुरक्षिततेचे सर्व प्रश्न 'बिल्ला दाखविणारा कोण, याची विचारणा होत नाही' या एका वाक्यातून उद्भवतात.

पीएचपी भाषेचा आरंभही एका लहानशा नोंदवहीतून झाला. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या परिचयपृष्ठास कोण भेट देतो हे टिपण्यासाठी काही छोटी साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांस खुली केली. सेशनची सोय भाषेच्या मूळ अंगातच अंतर्भूत झाली ती २००० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून. तेव्हापासून बिल्ला देणे, खण उघडणे आणि बंद करणे ही कामे 'सेशन_स्टार्ट' या एका आज्ञेमागे झाकली गेली आहेत. सोय मोठी झाली. परंतु जे झाकले गेले ते बिघडले असता दिसेनासेही झाले.

३. दोन आज्ञांचे अंतरंग

'सेशन_स्टार्ट' ही आज्ञा होताच पीएचपी प्रथम आलेल्या मागणीत 'पीएचपीसेसआयडी' या नावाची कुकी आहे काय ते पाहते. असल्यास त्या क्रमांकाची फाइल उघडून तीतील मजकूर 'सेशन' या सर्वत्र उपलब्ध असणाऱ्या सारणीत भरते. नसल्यास नवा, अंदाज बांधता येणार नाही असा क्रमांक निर्माण करते आणि उत्तरासोबत 'सेट-कुकी' ही ओळ पाठविण्याची व्यवस्था करते. पृष्ठाचे काम संपले की सारणीतील मजकूर पुन्हा फाइलीत लिहिला जातो. अन्य योजना केली नसेल तर ही फाइल सर्व्हरवरील ठरावीक फोल्डरात 'सेस' या उपसर्गासह साठविली जाते.

'हेडर' या आज्ञेने 'लोकेशन' ही ओळ पाठविली की रीडायरेक्ट घडतो. यासंबंधी सर्वसाधारण समजूत अशी की, सर्व्हर वापरकर्त्यास दुसऱ्या पृष्ठावर 'नेतो'. वस्तुतः सर्व्हर कोणालाही कोठेही नेत नाही. तो एवढेच सांगतो की, 'येथे काम नाही. अमुक खिडकीवर जा.' ब्राउझर ही सूचना ऐकतो आणि स्वतः होऊन नवी, पूर्णतः स्वतंत्र मागणी करतो. या नव्या मागणीस पहिल्या मागणीतील काहीही आठवत नाही. दोहोंस जोडणारा एकमेव धागा म्हणजे तो बिल्ला. म्हणून यशस्वी प्रवेश म्हणजे एक घटना नसून दोन घटना आहेत: पहिल्या मागणीत ओळख पटणे, आणि दुसऱ्या मागणीत ती ओळख पुन्हा सापडणे.

या दोन्ही आज्ञांची एक समान मर्यादा आहे. एचटीटीपी उत्तराचे दोन भाग असतात. आरंभी हेडरच्या ओळी, नंतर एक रिकामी ओळ, आणि त्यापुढे प्रत्यक्ष मजकूर. 'सेट-कुकी' आणि 'लोकेशन' या दोन्ही हेडरच्या ओळी आहेत. मजकुराचे एक अक्षरही रवाना झाले की हेडरचा भाग कायमचा बंद होतो. लिफाफा चिकटवून टपालात टाकल्यानंतर त्यावरील पत्ता बदलता येत नाही, तसेच हे होय.

४. चार प्रश्न

वरील वर्णनावरून निदानाचा क्रम सहज निष्पन्न होतो. अभ्यासकाने पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारावयाचे आहेत.

पहिला: पहिल्या उत्तरात 'लोकेशन' ही ओळ, आणि बिल्ला नव्याने द्यावयाचा असल्यास 'सेट-कुकी' ही ओळ, खरोखर निघाली काय?
दुसरा: दुसऱ्या मागणीत ब्राउझरने तोच बिल्ला परत आणला काय?
तिसरा: त्या क्रमांकाचा खण सर्व्हरला सापडला काय, आणि त्यात मजकूर होता काय?
चौथा: खणातील मजकूर ज्या नावाने ठेवला त्याच नावाने वाचला काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्व्हरच्या बाहेरूनच मिळतात. प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये 'नेटवर्क' नावाचे दालन असते. तेथे प्रत्येक मागणीची आणि उत्तराची हेडर अक्षरशः वाचता येते. रीडायरेक्ट होताच पूर्वीची यादी पुसली जाते, म्हणून ती जपून ठेवण्याचा पर्याय आधी निवडणे आवश्यक असते. अनेकांना पहिले उत्तर कधी दिसतच नाही, त्याचे कारण हेच. 'कर्ल' हा कार्यक्रम वापरल्यास तर ब्राउझरचाही मध्यस्थ उरत नाही. शेवटच्या दोन प्रश्नांसाठी सर्व्हरवर जावे लागते. दुसऱ्या पृष्ठाच्या आरंभी 'सेशन_आयडी' ची किंमत आणि सारणीतील नावे त्रुटींच्या नोंदवहीत लिहून पाहिली की पुरेसे होते. ती पडद्यावर छापू नयेत. कारण छापलेले अक्षर म्हणजे मजकुराचा आरंभ, आणि निदानासाठी केलेली कृतीच नव्या दोषास जन्म देते.

५. पहिला टप्पा : लिफाफा आधीच बंद होणे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर कारण बहुधा एकच असते. हेडर पाठविण्यापूर्वी मजकूर रवाना झालेला असतो. पीएचपी याविषयी स्पष्ट इशारा देते, आणि त्या इशाऱ्यात मजकुराचा आरंभ कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर झाला हेही सांगते. आश्चर्य असे की, बहुतेक जण इशाऱ्यातील पहिला भाग वाचतात आणि ज्या ओळीवर 'हेडर' ही आज्ञा आहे तीच पुनःपुन्हा तपासतात. दोष तेथे नसतो. तो कंसातील ओळीत असतो. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर असे इशारे पडद्यावर न दाखविण्याची प्रथा योग्यच आहे, परंतु त्यामुळे ते त्रुटींच्या नोंदवहीत शोधावे लागतात. ही नोंदवही न उघडता केलेले निदान म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय. इशारे अनेक असल्यास सर्वांत पहिला तेवढा विचारात घ्यावा. पडद्यावर छापलेला पहिला इशारा स्वतःच मजकूर ठरतो आणि पुढील इशाऱ्यांची मालिका त्यातून निर्माण होते.

मजकुराचा हा आरंभ कधी उघड असतो, कधी अदृश्य. समाविष्ट केलेल्या फाइलीच्या अखेरीस, पीएचपीचे समाप्तिचिन्ह येऊन गेल्यावर राहिलेल्या रिकाम्या ओळी हे नित्याचे कारण आहे. म्हणूनच केवळ पीएचपी असलेल्या फाइलीत समाप्तिचिन्ह लिहूच नये, असा संकेत रूढ झाला आहे.

मराठी पृष्ठे लिहिणाऱ्यास याहून सूक्ष्म असा एक दोष विशेषत्वाने भेटतो. देवनागरी मजकुरासाठी फाइल यूटीएफ-८ संकेतांत साठवावी लागते. विंडोजमधील नोटपॅड अशी फाइल साठविताना तिच्या अग्रभागी तीन बाइटांचे एक अदृश्य चिन्ह घालीत असे; २०१९ मधील विंडोज १० च्या एका सुधारणेपासून मूळ मांडणीत हे चिन्ह घातले जात नाही. संपादकात हे चिन्ह दिसत नाही, परंतु पीएचपीच्या दृष्टीने तो मजकूरच असतो. केवळ इंग्रजी अक्षरे असलेली फाइल नोटपॅडमध्ये जुन्या संकेतांत साठविली जात असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नव्हता. पृष्ठावरील सूचना मराठीत केल्या, आणि त्याच दिवसापासून प्रवेश बंद पडला, असा अनुभव त्यामुळे येत असे. इशाऱ्यात एखाद्या फाइलीची पहिलीच ओळ दर्शविली असेल आणि त्या ओळीत काहीच दिसत नसेल, तर या चिन्हाचा संशय घ्यावा आणि फाइल त्याविना पुन्हा साठवावी.

एकच कार्यक्रम एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, याचे स्पष्टीकरणही याच टप्प्यावर मिळते. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना-मांडणीत ४०९६ बाइटांचा मजकूर राखून ठेवणारा एक हौद योजलेला असतो. मांडणीची फाइलच नसेल तर तो नसतो. हौद भरेपर्यंत मजकूर बाहेर पडत नाही, म्हणून हेडर उशिरा पाठविली तरी ती वेळेत पोहोचतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. अर्थात सुमारे १३६५ चिन्हांत हा हौद भरतो. पृष्ठाच्या माथ्यावर चार ओळींची भर पडताच कालपर्यंत चालणारा प्रवेश आज बंद पडतो, तो यामुळे. हौद वाढविणे हा यावरील उपाय नव्हे. तो केवळ दोष पुढे ढकलणे होय. सर्व निर्णय आधी आणि सर्व मजकूर नंतर, ही शिस्त हाच खरा उपाय.

६. दुसरा टप्पा : बिल्ला परत न येणे

हेडर निघाले, परंतु पुढच्या मागणीत कुकी आली नाही, असे आढळल्यास दोष ब्राउझरच्या नियमांत शोधावा. कुकी कोणास परत द्यावयाची याविषयी ब्राउझर अत्यंत काटेकोर असतो. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हा उपसर्ग असलेल्या पत्त्याने दिलेली कुकी, वेगळी तरतूद नसल्यास, उपसर्ग नसलेल्या पत्त्यास दिली जात नाही. एका पत्त्यावर प्रवेश आणि दुसऱ्या पत्त्याकडे रीडायरेक्ट, असे घडले की ओळख हरपते. त्याचप्रमाणे 'सिक्युअर' असा शेरा असलेली कुकी सांकेतिक स्वरूपात जाणाऱ्या एचटीटीपीएस मार्गानेच जाते. रीडायरेक्टच्या पत्त्यात साध्या एचटीटीपीचा उल्लेख राहून गेला तर ती मागे राहते. कुकीला ठरवून दिलेला मार्ग एखाद्या उपफोल्डरापुरता असेल, तर त्याबाहेरील पृष्ठांना ती दिसत नाही.

अलीकडे यात आणखी एका नियमाची भर पडली आहे. 'सेमसाइट' या शेऱ्याने, अन्य संकेतस्थळावरून येणाऱ्या मागणीसोबत कुकी द्यावी किंवा नाही हे ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ब्राउझरच्या ८० व्या आवृत्तीपासून, शेरा नसलेल्या कुकीस 'लॅक्स' हा मध्यम बंधनाचा शेरा असल्याचे मानण्यास टप्प्याटप्प्याने प्रारंभ झाला. याचा परिणाम शुल्काच्या भरण्यावर ठळकपणे दिसतो. विद्यार्थी पैसे भरण्यासाठी अन्य संकेतस्थळावर जातो; तेथून 'पोस्ट' पद्धतीने परत पाठविला जातो; अशा मागणीसोबत 'लॅक्स' कुकी येत नाही; आणि पैसे कापले गेलेला विद्यार्थी प्रवेशाच्या पृष्ठावर येऊन पडतो. क्रोमने या बदलासोबत नव्या, शेरा नसलेल्या कुकींना दोन मिनिटांची सवलत ठेविली होती. त्यामुळे त्वरेने पैसे भरणारा सुखरूप परततो आणि सावकाश भरणारा अडकतो, असा वरवर अतर्क्य वाटणारा प्रकारही संभवत होता. यावरचा विवेकी उपाय असा की, परतीचे पृष्ठ सेशनवर अवलंबून ठेवू नये. त्या पृष्ठाने भरण्याच्या स्वाक्षरीची पडताळणी करून नोंद करावी आणि मग विद्यार्थ्यास आपल्याच संकेतस्थळावरील दुसऱ्या पृष्ठाकडे जाण्यास सांगावे. पीएचपीमध्ये 'सेमसाइट' ठरविण्याची थेट सोय २०१८ च्या ७.३ या आवृत्तीपासून आहे. 'नन' हा मुक्त शेरा द्यावयाचा झाल्यास त्यासोबत 'सिक्युअर' अनिवार्य असतो.

७. तिसरा आणि चौथा टप्पा : खण व त्यातील वस्तू

कुकी परत आली, तरी खण रिकामा निघाला, तर दोष साठवणीचा. फोल्डरात लिहिण्याचा अधिकार नसणे आणि डिस्क भरलेली असणे, ही दोन कारणे सर्वप्रथम पाहावीत. दोहोंचीही नोंद त्रुटींच्या वहीत होते. भार वाटून घेण्यासाठी दोन सर्व्हर ठेवले असतील आणि प्रत्येकाचा फोल्डर स्वतंत्र असेल, तर एका ग्रंथालयाचा बिल्ला दुसऱ्या ग्रंथालयात दाखविल्यासारखे होते. प्रवेश कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे अनियमित लक्षण दिसल्यास याचा विचार करावा आणि साठवण सामाईक करावी.

'काही वेळाने आपोआप बाहेर पडणे' हे लक्षण मात्र निराळे आहे. मूळ मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न वापरलेला खण टाकाऊ समजला जातो. त्याची सफाई ठरावीक वेळी होत नाही. प्रत्येक सेशनच्या आरंभी, मूळ योजनेनुसार शंभरात एक या संभाव्यतेने, ती केली जाते. डेबियनसारख्या प्रणालींत ही योजना बंद ठेवून सफाईचे काम वेगळ्या नियतकालिक कार्यक्रमाकडे दिलेले असते. येथे एक फसवी परिस्थिती संभवते. एकाच सर्व्हरवरील दोन कार्यक्रम एकच फोल्डर वापरीत असतील, तर त्यांपैकी ज्याची मुदत अल्प, त्याची सफाई दुसऱ्याचेही खण रिकामे करते. आपल्या कार्यक्रमाची मुदत आठ तासांची केली, तरी वापरकर्ते अर्ध्या तासात बाहेर पडतात, याचे कारण शेजाऱ्याच्या मांडणीत असते. अशा वेळी स्वतंत्र फोल्डर योजणे एवढाच उपाय पुरतो.

चौथा टप्पा विस्ताराची अपेक्षा करीत नाही. दुसऱ्या पृष्ठावर 'सेशन_स्टार्ट' लिहावयाचे राहून जाणे, दोन पृष्ठांवर सेशनची नावे भिन्न असणे, किंवा मजकूर ठेवताना एक शब्द आणि वाचताना दुसरा शब्द वापरणे, हे त्यातील नेहमीचे प्रमाद होत.

फाइलीतील सेशनसंबंधी एक गोष्ट मात्र ध्यानी घ्यावी. एक पृष्ठ खण उघडून बसले असता त्याच बिल्ल्याची दुसरी मागणी तिष्ठत राहते. दीर्घकाळ चालणारा अहवाल तयार होत असताना त्याच वापरकर्त्याची इतर पृष्ठे थिजल्यासारखी वाटतात, ती यामुळे. सेशनचे काम आटोपताच 'सेशन_राइट_क्लोज' ने खण बंद करणे, आणि रीडायरेक्टपूर्वीही तसेच करणे, ही हितावह सवय आहे.

८. वर्तुळाकार रीडायरेक्ट

प्रवेशाचे पृष्ठ म्हणते, 'ओळख पटली, मुख्य पृष्ठाकडे जा'. मुख्य पृष्ठ म्हणते, 'ओळख नाही, प्रवेशाकडे जा'. कचेरीतील दोन खिडक्यांनी अर्जदारास परस्परांकडे पाठवीत राहावे, तसा हा प्रकार असतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीत ब्राउझरने पाचांहून अधिक वेळा आपोआप वळू नये असे म्हटले होते. १९९९ च्या सुधारित आवृत्तीत ही संख्या नियम म्हणून राहिली नाही, परंतु ब्राउझर आजही काही फेऱ्यांनंतर थांबतात आणि तसे कळवितात. अशा वेळी ओळख ठरविण्याची कसोटी दोन्ही पृष्ठांवर एकच आहे काय, हे पाहावे. एक पृष्ठ कुकीचे अस्तित्व पाहते आणि दुसरे सेशनमधील नाव पाहते, असा भेद असल्यास वर्तुळ अटळ होते. कसोटी एका ठिकाणी लिहून सर्वत्र तीच वापरावी.

दुसरे वर्तुळ मार्गाच्या सुरक्षिततेतून उत्पन्न होते. एचटीटीपीएसचे काम पुढे बसविलेला मध्यस्थ सर्व्हर करीत असेल, तर आतील पीएचपीस मागणी साध्या मार्गानेच आल्यासारखी दिसते. ती 'सुरक्षित मार्गाने या' असे सांगते. ब्राउझर त्याच मार्गाने पुन्हा येतो. आणि पीएचपी पुन्हा तेच सांगते. मध्यस्थ जोडीत असलेली मूळ मार्गाची नोंद वाचणे हा उपाय. मात्र ती नोंद आपल्याच मध्यस्थाकडून आली असल्याची खात्री हवी.

रीडायरेक्टच्या संकेतांकाचाही येथे विचार करावयास हवा. 'लोकेशन' पाठविताच पीएचपी सामान्यतः ३०२ हा तात्पुरता संकेतांक देते. ३०१ हा कायमचा संकेतांक ब्राउझर स्मरणात ठेवू शकतो. चुकून तो वापरला गेल्यास दोष दुरुस्त केल्यावरही ब्राउझर सर्व्हरला न विचारताच जुन्या वाटेने जातो, आणि दुरुस्ती निष्फळ ठरली असा भास होतो. ३०७ मध्ये मागणीची मूळ पद्धत आणि मजकूर कायम राहतात. अर्थात प्रवेशानंतर तो वापरल्यास पासवर्ड पुढच्या पृष्ठाकडेही पाठविला जातो. अर्ज स्वीकारल्यानंतर दुसरे पृष्ठ दाखवावयाचे असता ३०३ हा संकेतांक अर्थदृष्ट्या सर्वांत नेमका आहे.

९. निःशब्द दोष

येथवर ज्यांचा विचार झाला त्या सर्व दोषांत एक गुण आहे: ते तक्रार उत्पन्न करतात. अडलेला मनुष्य कळवितो आणि दोष उघडकीस येतो. परंतु ज्या दोषाने कोणीही अडत नाही, उलट ज्याला अडविले पाहिजे तोही आत जातो, त्याविषयी तक्रार करणार कोण?

असा सर्वांत सामान्य दोष म्हणजे रीडायरेक्टनंतर 'एक्झिट' न लिहिणे. 'हेडर' ही आज्ञा पृष्ठाचे काम थांबवीत नाही. 'ओळख नाही, प्रवेशाकडे जा' असे सांगून झाल्यावरही पीएचपी पुढच्या ओळी पार पाडीतच राहते. गुणपत्रिका वाचते, यादी घडविते आणि ती सर्व त्याच उत्तराच्या मजकुरात पाठविते. ब्राउझर 'लोकेशन' पाहून दुसरीकडे वळतो, म्हणून सामान्य वापरकर्त्यास काही दिसत नाही आणि पृष्ठ सुरक्षित आहे असा सर्वांचा समज होतो. परंतु रीडायरेक्ट ही विनंती आहे, भिंत नव्हे. 'कर्ल' वापरणारा ही विनंती मानण्यास बांधलेला नाही; तो मजकूर शांतपणे वाचतो. पृष्ठ केवळ दाखविणारे नसून नोंद पुसणारे असेल, तर पासवर्डावाचून नोंदी पुसल्याही जातात. प्रत्येक 'लोकेशन' च्या पुढील ओळीत 'एक्झिट' असलेच पाहिजे. एवढा एक शब्द राहिला, तर आधीची सर्व पडताळणी शोभेची ठरते.

दुसरा निःशब्द दोष बिल्ल्याच्या स्वरूपातून येतो. बिल्ला दाखविणारा कोण, हे विचारले जात नाही. म्हणून प्रवेशापूर्वी एखाद्याने आपल्याला ठाऊक असलेला क्रमांक दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये रुजविला, तर त्या दुसऱ्याने प्रवेश करताच तो क्रमांक दोघांनाही आत नेतो. यासाठी ओळख पटताच 'सेशन_रीजनरेट_आयडी' ने क्रमांक बदलणे आवश्यक आहे. त्याच्या जोडीस, सर्व्हरने स्वतः न दिलेला क्रमांक नाकारणारी 'स्ट्रिक्ट मोड' ही सोय पीएचपीत २०१३ पासून आहे. मूळ मांडणीत ती बंद असते, म्हणून ती हेतुपूर्वक चालू करावी लागते.

या दोषांचा पूर्वोक्त दोषांशी निकटचा संबंध आहे. घाईच्या वेळी अनुमानाने केलेल्या दुरुस्त्या नेमक्या याच ठिकाणी हानी करतात. क्रमांक बदलणारी ओळ काढली की 'प्रवेश चालू होतो'. 'एक्झिट' काढले की 'कोरे पृष्ठ दिसत नाही'. 'सिक्युअर' शेरा काढला की 'कुकी येते'. प्रत्येक वेळी तक्रार थांबते आणि दार उघडे राहते. म्हणून कोणत्याही दुरुस्तीनंतर तपासणी दोन बाजूंनी करावी: ज्याला प्रवेश द्यावयाचा त्याला तो मिळतो काय, आणि बिल्ल्यावाचून, रीडायरेक्ट न मानता, थेट आतील पृष्ठ मागणाऱ्याच्या हाती मजकुराचे एकही अक्षर पडते काय. पहिली तपासणी सर्व जण करतात. दुसरी बहुधा राहून जाते.

१०. उपसंहार

सेशन आणि रीडायरेक्ट यांतील दोष गूढ वाटतात, कारण ते ज्या जागी घडतात ती जागा पडद्यावर दिसत नाही. ती हेडरच्या ओळींत असते, आणि त्या ओळी कोणासही वाचता येतात. बिल्ला दिला गेला काय, परत आला काय, खण सापडला काय, वस्तू योग्य नावाने काढली काय, हे चार प्रश्न क्रमाने विचारल्यास तासन्‌तास चालणारे अंदाज पुष्कळदा काही मिनिटांच्या वाचनात संपतात. पहिल्या नकारार्थी उत्तरापाशी थांबावे. तेथील दोष दूर झाल्याविना पुढच्या टप्प्यास हात लावू नये.

वापरकर्त्यास यांपैकी काहीही ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षाही करता येत नाही. अचूक पासवर्ड देऊन परत पाठविलेला विद्यार्थी, आणि ज्याचे गुणपत्रक अनोळखी मनुष्याने वाचले असा विद्यार्थी, या दोघांनीही यंत्रणेवर सारखाच विश्वास टाकलेला असतो. पहिल्याला आपली अडचण निदान जाणवते. दुसऱ्याला आपली हानी झाल्याचे कळतही नाही. त्यामुळे पृष्ठ लिहिणाऱ्याने पहिल्याची तक्रार ऐकून घेताना दुसऱ्याच्या वतीने तपासणी करणे, हे त्याच्या कामाचेच अंग मानले पाहिजे.